खालच्या अंगाचा छाप

भाऊजींचा हातोडा मी त्यांना न विचारता नेला, ही माझी पहिली चूक. आणि तो धडधाकट परत आणून दिला, ही दुसरी. वाटेत तो एखाद्या नाल्यात पडला असता किंवा त्याचा दांडा मोडला असता, तर चार शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो. माझ्या हातून मोडलेल्या वस्तूंची यादी आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ताईचं शिलाई मशीन, वडिलांचा चष्मा (तोही दोनदा) आणि शेजारच्यांचं ठरत आलेलं एक लग्न. हा हातोडा मात्र मी मऊ फडक्यात गुंडाळला, तान्हं मूल न्यावं तसा मांडीवर ठेवून नेला आणि तसाच परत आणला. आयुष्यात एकदाच एखादी वस्तू नीट सांभाळावी आणि नेमका तिच्यातूनच सत्यानाश व्हावा, हे यश सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लाकूड कंपनीच्या जंगलात ते एकतीस वर्षं छाप मारत आले. छाप मारणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण त्याच कंपनीत नऊ वर्षं नोकरी करून मलाही ते धड ठाऊक नव्हतं.

जंगलात करवतवाले पुष्कळ असतात, ट्रकवाले त्याहून जास्त. पण कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं उभं ठेवायचं, हे ठरवणारा माणूस एकच. तो झाडाभोवती सावकाश एक फेरी मारतो. मान अवघडेपर्यंत शेंडा बघतो. मग खाली बघतो, की हे पडलं तर कुणाच्या अंगावर पडेल, याच्या सावलीत कुठली रोपटी वाढतायत, हे गेल्यावर त्यांना ऊन मिळेल की ती करपतील. असं करत दहातली दोन, फार तर तीन झाडं तो निवडतो. त्याच्या हातोड्याला एका बाजूला धार असते. तिने दोन जागी साल सोलायची, एक छातीच्या उंचीवर आणि एक मुळापाशी. दुसऱ्या बाजूला आकडा कोरलेला असतो. भाऊजींचा सत्तेचाळीस. दोन्ही जागी एकेक ठोका. वरचा छाप ओंडक्याबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. लाकूड कुठेही विकलं गेलं तरी खुंट मागे साक्षीला बसलेला. बिनछापाचा खुंट सापडला, तर ती चोरी. एकदा निवडून तोडलेला भाग अठरा वर्षं विश्रांती घेतो. आणि प्रत्येक भागात काही थोराड, बियाणाची झाडं असतात, ज्यांच्या बियांवर पुढचं सगळं जंगल उगवतं. त्यांच्यावर छाप कधीच पडत नाही. करवतवाले या झाडांना 'सासवा' म्हणतात. कारण विचारलं तर सांगतात, "घरात सगळ्यात जास्त जागा त्यांची, आणि हात लावायची कुणाची टाप नाही."

सगळा कारभार असा त्या एका आकड्यावर चालतो, म्हणून छापवाल्यांचा नियमही एकच. हातोडा हातातून सुटता कामा नये. सुटला, तर तो कंपनीकडे जमा आणि माणूस कामावरून बाजूला. भाऊजी हातोडा उशाशी घेऊन झोपत. ताई म्हणायची, "लग्न झालं तेव्हा पहिले तीन महिने मला वाटायचं, घरात हातोडा हीच आधीची बायको आहे आणि मी सवत म्हणून आलेय."

आता भाऊजींच्या स्वभावाबद्दल. जंगलात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'शीभाऊ' म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावर कायम असा भाव, की आत्ताच कुणीतरी नासलेलं दूध नाकाखाली धरलंय. कुठलीही गोष्ट दाखवा, आधी ती नीट बघणार, मग ओठ एका बाजूला ओढून, आवाज अजिबात न चढवता म्हणणार, "शी." आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा वडिलांनी मोठ्या हौसेने नवं जेवणाचं टेबल दाखवलं. भाऊजी खाली वाकले, टेबलाच्या पोटावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "कोवळं आहे. पंधरा वर्षं लवकर तोडलं. शी." आईचा चेहरा पडला. वडील मात्र खूश झाले. म्हणाले, "हा खोटं बोलणार नाही. याला जावई करू, पण फर्निचर आणायला पाठवायचं नाही."

त्यांची ही शिसारी सरसकट नव्हती, हे कळायला मला वेळ लागला. चिखल, घाम, जळवा, महिनाभर न धुतलेला करवतवाल्यांचा तंबू, यांतलं काही त्यांना खुपत नसे. डबा उघडताना कांद्यावर मुंग्या दिसल्या तर मुंग्या फुंकून कांदा खात. त्यांना किळस यायची ती कामचुकारपणाची. उंच कापलेला खुंट दिसला, म्हणजे करवतवाल्याने वाकायचा कंटाळा केला आणि गुडघाभर चांगलं लाकूड कुजायला सोडलं, की जेवण जाईना त्यांना. एकदा ओढ्याच्या तीस पावलांच्या आत कुणीतरी ट्रक धुतला आणि पाण्यावर तेलाची इंद्रधनुष्यं पसरली. भाऊजी काठावर जाऊन खरोखर ओकले. ट्रकवाल्याला वाटलं, यांना काहीतरी बाधलं. त्याने लिंबाचं सरबत आणून दिलं. ते भाऊजींनी ओढ्यात ओतलं नाही, एवढाच त्यांचा त्या दिवशीचा संयम.

माझी नोकरी प्रसिद्धी विभागात. म्हणजे जंगल न बघता जंगलाबद्दल लिहायचं. पुस्तिका, फलक, कॅलेंडर, सगळीकडे हिरवं पान आणि त्याखाली माझं वाक्य. माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य, 'आम्ही झाडं तोडत नाही, जंगल जपतो.' हे मी कौतुकाच्या अपेक्षेने भाऊजींना वाचून दाखवलं होतं.

"तोडत नाही?" ते म्हणाले. "मग मी एकतीस वर्षं काय शेंगा सोलतोय?"

"तसं नाही हो भाऊजी. लोकांना 'तोडणं' हा शब्द बरा वाटत नाही."

"लोकांच्या घरात दारं कशाची आहेत?"

"लाकडाची."

"ते लाकूड पावसाबरोबर पडलं का?" त्यांनी पुस्तिका दोन बोटांत धरून मला परत दिली. "झाड तोडायचं असतं, लेखकराव. बघून तोडायचं असतं. तोडतच नाही म्हणणारा आणि न बघता तोडणारा, हे दोघे सख्खे भाऊ. शी."

मला ते लेखकराव म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि खोडसाळपणा किती, याचं प्रमाण मी कधी तपासलं नाही.

आमच्या ऑफिसात कटाई विभागाचे एक साहेब होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'पर्यावरण' हा शब्द येई, म्हणून सगळा स्टाफ त्यांच्या पाठीमागे त्यांना पर्यावरणच म्हणायचा. "पर्यावरण आलं का?" "आलं होतं, पण चहा पिऊन गेलं." "आज पर्यावरणाचा मूड खराब आहे, रजेचा अर्ज उद्या दे." त्यांच्या केबिनमध्ये कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्याच्या पानांवर बोटभर धूळ, आणि कुंडीत लोकांनी चहाचे कागदी कप खोचलेले. तिथे गेलं की मला उगाचच हात धुवावेसे वाटत. पण माझी पुस्तिका त्यांना आवडायची, त्यामुळे मी हात धूत नसे.

एके दिवशी त्यांनी मला बोलावून म्हटलं, "कॅलेंडरला यंदा वेगळं काहीतरी हवं. तुमचे ते नातेवाईक आहेत ना, छापवाले? त्यांच्या हातोड्याचा मोठा फोटो. पर्यावरणाचा पहारेकरी. खाली तुमचं वाक्य, वाक्याखाली तुमचं नाव."

आजवर माझ्या वाक्यांखाली नाव कधी छापलं नव्हतं. मी विरघळलो. वर असंही वाटलं, की जुलैचं पान उलटल्यावर भाऊजींना आपला हातोडा अचानक दिसेल, आणि एकदा तरी त्यांच्या तोंडून 'शी'ऐवजी दुसरं काहीतरी निघेल.

योग असा, की त्याच आठवड्यात भाऊजींची अक्कलदाढ हाडात रुतली. काढायला मोठ्या दवाखान्यात जावं लागलं आणि एक रात्र तिथेच ठेवून घेतलं. गुंगीत हातोडा सांभाळता येणार नाही म्हणून एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो घरी, ताईच्या ताब्यात, दाराआडच्या खिळ्यावर टांगलेला. मी सकाळी गेलो.

ताईने विचारलं, "त्यांना विचारलंस का?"

"विचारलंय," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

फोटोला तीन मिनिटं लागली. मग पर्यावरण म्हणाले, "राहू दे इथे. संध्याकाळच्या उजेडात पुन्हा घेऊ. उद्या न्या." मी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यात गुंडाळलेला हातोडा मला परत मिळाला आणि दुपारी भाऊजी गाल सुजवून घरी यायच्या आत तो खिळ्यावर होता.

भाऊजींनी आल्या आल्या हातोडा काढला आणि नाकाशी नेला. सुजलेल्या तोंडाने हातोडा हुंगणारा माणूस बघून मला हसू आलं. ते खुर्चीत बसले, ताईकडून टाचणी मागितली आणि आकड्याच्या खाचा कोरायला लागले. सत्तेचाळीसच्या चारातून बारीक, पिवळा, कोरडा भुसा निघाला. तो त्यांनी तळहातावर घेतला.

"कुणी नेला होता?"

"धाकट्याने," ताई म्हणाली. "फोटोला. तुम्हाला विचारून ना?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "फोटोत भुसा कुठून आला?"

"देखाव्याला ओंडका ठेवला होता," मी म्हणालो. तोपर्यंत माझा खरंच तसा समज होता. निदान अर्धा तरी.

ते 'शी' म्हणाले नाहीत. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कामाला गेले ते आपल्या भागात न जाता डोंगराची कड ओलांडून पलीकडच्या उतारावर. त्या बाजूला कुणी जात नसे, कारण तो भाग विश्रांतीत होता. त्याची सात वर्षं अजून शिल्लक होती. तिथे काय दिसलं हे त्यांनी ताईला सांगितलं आणि ताईने मला. तिथे उतार होता आणि खुंट होते. दोनशे बारा. महिन्याभरापूर्वी यंत्र लावून सगळं साफ केलेलं. मध्ये रोपटी होती ती चाकांखाली गेलेली. सासवा होत्या त्यांचेही खुंट. आणि प्रत्येक खुंटावर, मुळापाशी, सत्तेचाळीस.

परवा तपासणी होती. दर पाच वर्षांनी बाहेरून तपासनीस येतात, खुंट बघतात, छाप जुळवतात आणि कंपनीला दाखला देतात, की यांचं लाकूड जंगल राखून तोडलेलं आहे. तो दाखला नसेल तर मोठी गिऱ्हाइकं लाकडाला हात लावत नाहीत. विश्रांतीची वर्षं कागदावर पुरी दाखवता येतात, पण बिनछापाचे दोनशे बारा खुंट दाखवून दाखला मिळाला नसता. तोड आधीच झाली होती, आणि मग माझ्या फोटोच्या कृपेने छाप.

भाऊजी ऑफिसात आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. गालिच्यावर चिखलाच्या बुटांचे ठसे उमटवत सरळ केबिनमध्ये. मी तिथे कोपऱ्यात कॅलेंडरची प्रुफं घेऊन बसलो होतो.

"या, या. बसा," पर्यावरण म्हणाले. "चहा सांगू?"

"नको. त्या उताराला अजून सात वर्षं विश्रांती होती."

"विश्रांती ही सापेक्ष गोष्ट आहे. पर्यावरणाचा विचार करताना—"

"दोनशे बारा खुंटांवर माझा आकडा आहे. त्यातला एकही मी मारलेला नाही."

"आकडा तुमचा आहे, म्हणजे छाप तुमचा." साहेब अगदी मायेने बोलत होते. "परवा तपासनीस बाईंसमोर वहीवर एक सही करायची, की हे माझे. दोन मिनिटांचं काम. नाहीतर मग तुम्हाला म्हणावं लागेल, की हातोडा तुमच्या हातून सुटला होता. त्याचा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एकतीस वर्षं झाली, चांगलं नाव आहे. कशाला शेवटी शेवटी डाग? आणि एकदा ही पद्धत बसली, की पुढच्या वर्षी ओढ्याकडचा भागही असाच मार्गी लावू."

ओढ्याकडचा भाग भाऊजींनी तरुणपणी पहिल्यांदा निवडला होता. जंगलातल्या सगळ्यात थोराड सासवा तिथे आहेत. त्यांच्या बियांवर वाढलेली झाडं आता छाप मारण्याजोगी झाली होती. स्वतः राखलेल्या झाडाचं पोर स्वतःच्या हाताने निवडायला मिळणं, हे छापवाल्याला आयुष्यात एकदाच जमतं, असं ते म्हणत. या कामात एवढीच चैन.

ते बाहेर पडले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. जिन्यात मी त्यांना गाठलं.

"भाऊजी, करून टाका ना सही. झाडं तर गेलीच. आता नोकरी कशाला घालवता?"

"आणि पुढच्या वर्षी?" त्यांनी विचारलं. "तेव्हा कुणाचा हातोडा नेशील फोटोला?"

मी म्हणालो, मला काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हो, तुला माहीत नसतं. तू लिहितोस." आणि उतरून गेले.

तपासणीच्या दिवशी तपासनीस बाई काठी टेकत उतारावर आल्या. शांत, चष्मेवाल्या, पायांत मळके बूट. मला त्या बऱ्या वाटल्या. पर्यावरणांनी कोटाला हिरवं पान लावलं होतं. मी प्रसिद्धी विभागातर्फे बरोबर, बगलेत पुस्तिकांचा गठ्ठा. उतारावर ऊन रणरणत होतं, कारण सावली द्यायला काही उरलंच नव्हतं. यंत्रांच्या चाकोऱ्यांत पाणी साचून हिरवट झालेलं, त्यावर माश्या. चिरडलेल्या पाल्याला आंबूस वास सुटला होता. रुमाल नाकाशी धरावासा वाटत होता, पण पर्यावरण छातीभर श्वास घेऊन म्हणाले, "काय मोकळी हवा आहे."

बाई खुंटामागून खुंट बघत होत्या. छाप दिसला की वहीत खूण. पंचवीस-तीस झाल्यावर म्हणाल्या, "नोंदी चोख आहेत. छापवाले कोण?"

"मी," भाऊजी म्हणाले. ते वहीजवळ उभे होते. सुजलेला गाल आता उतरला होता, पण तोंड नेहमीचंच. "सही करायच्या आधी जरा माझ्याबरोबर या."

त्यांनी बाईंना कडेपलीकडे, स्वतःच्या भागात नेलं. पाठोपाठ आम्ही. तिथल्या एका खुंटावरचा पालापाचोळा बाजूला सारून ते म्हणाले, "बोट लावा."

बाईंनी छापावर बोट टेकवलं. बोटाला चिकटलं.

"राळ आहे. जिवंत झाडावर छाप मारला, की ते आकड्यात राळ भरून घेतं. महिन्याने तोडलं तरी ती तिथेच राहते." मग पुन्हा उतारावर येऊन तसाच एक खुंट दाखवला. "आता इथे लावा."

बोट कोरडं. चाराच्या खाचेत नुसता भुसा.

"हे खुंटावर मारलंय. झाड मेल्यावर. दुसरं म्हणजे, बघा, माझा प्रत्येक छाप डोंगराच्या वरच्या अंगाला असतो, मुळाच्या बेचक्यात, करवत पोचत नाही तिथे. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात. हे सगळे खालच्या अंगाला आहेत. खालच्या अंगाला माणूस उभ्या उभ्या ठोकतो." त्यांनी ओठ एका बाजूला ओढले. "हे न वाकणाऱ्याचं काम आहे. शी."

पर्यावरण म्हणाले, "तांत्रिक बाब आहे. चहाच्या वेळी बोलू." पण बाईंनी वहीतलं पान उलटलं होतं.

"हातोडा तुमचाच आहे ना?"

"माझाच."

"म्हणजे तो तुमच्या हातून सुटला होता."

"सुटला होता. एक दिवस."

"लिहू तसं? त्याचा अर्थ ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. लिहा."

"कुणी नेला होता?"

भाऊजी नखात अडकलेली साल काढत बसले. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं. पर्यावरण आकाशाकडे बघत होते, जणू तिथून कुणी बोलवणार होतं. मी खुंटावरच्या मुंग्या बघत होतो. त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, पण आता इतकं सांगितलंय तर सांगतो. कॅलेंडर छापायला गेलं होतं. जुलैच्या पानाखाली माझं नाव होतं. ते पान आता निघेल का, एवढाच विचार मी करत होतो. मी तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न 'कुणाच्या सांगण्यावरून?' हा आला असता, आणि उत्तर कोटाला पान लावून चार हातांवर उभं होतं. मुंग्या खुंटाच्या एका कडेने चढून दुसऱ्या कडेने उतरत होत्या. मी त्यांना बराच वेळ बघितलं.

शेवटी भाऊजी म्हणाले, "खिळ्यावर टांगला होता. चूक माझी."

पेन चाललं.

त्यानंतर सगळं कायद्याने झालं. दोनशे बारा खुंट बेकायदा ठरले. पुन्हा तसंच होऊ नये म्हणून ओढ्याकडचा भाग पुढच्या तपासणीपर्यंत बंद केला गेला, म्हणजे निदान पाच वर्षं तिथे कुणी फिरकणार नाही. बाकी जंगल ठीक असल्याने एका शेऱ्यासह कंपनीला दाखला मिळाला. पर्यावरणांनी त्या आठवड्यात एका सभागृहात पर्यावरणावर भाषण केलं. भाऊजींचा हातोडा कापडी पिशवीत घालून जमा झाला, आणि निवृत्तीला उरलेले चौदा महिने त्यांना रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला पाठवलं. कंपनीच्या सूचनाफलकावर जो खुलासा लागला, तो लिहायचं काम अर्थातच प्रसिद्धी विभागाकडे आलं. 'संबंधित कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अज्ञात इसमाने हातोड्याचा गैरवापर केला. कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यात आली आहे.' हे वाक्य मी टाईप केलं. अज्ञात इसम म्हणून स्वतःबद्दल छापून आलेलं माझं हे पहिलंच लिखाण. त्याखाली मात्र नाव नव्हतं. दुपारी मला डबा उघडवेना. शेजारच्याने विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणालो.

ताई तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एकदा फोनवर एवढंच म्हणाली, "मला खोटं सांगून नेलास. त्यांच्यापेक्षा मला जास्त लागलंय ते." 

रविवारी मी रोपवाटिकेत गेलो. लांबलचक शेड, वर हिरवी जाळी, खाली ओल्या मातीचा आणि खताचा वास. भाऊजी पाटावर बसून काळ्या पिशव्या भरत होते. प्रत्येक पिशवी भरली की तळाला दोन टिचक्या मारायच्या, माती बसली का बघायचं, मग रांगेत. मला बघून त्यांनी पायाने दुसरा पाट पुढे सरकवला.

"बस. कपडे खराब होतील, पण बस."

बसलो. त्यांनी मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. "ही बघ. रोपांना देतात ही. चुलीतली राख बरी. शी."

"तक्रार करा ना."

"केली. म्हणाले, लेखी द्या. म्हटलं, आमच्यात एक लेखक आहेत, पण ते अज्ञात असतात."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते, पण पिशवी भरायची त्यांनी थांबवली नाही. मी पण भरायला लागलो. माझ्या पहिल्या तीन पिशव्या त्यांनी ओतून पुन्हा भरल्या. चौथी ठेवून घेतली.

"ओढ्यावर जाऊन आलो काल," ते म्हणाले. "हातोड्याशिवाय गेलो, बिनकामाचा. सासवा आहेत जागच्या जागी. खाली रोपटी आलीयत, पायाच्या घोट्याएवढी. तुडवू नये म्हणून वाकडातिकडा चाललो, तर पलीकडच्या वाटेवरून जाणारा एक करवतवाला म्हणाला, शीभाऊ, प्यायलात का."

"दुसरा छापवाला नेमलाय ना?"

"नेमलाय. पोरगा बरा आहे. गुडघे टेकतो."

आम्ही रांग पुरी केली. इतके दिवस तोंडाशी येऊन परत जाणारा प्रश्न मला आणखी गिळवेना. हात झटकले, माती कपड्यांना पुसली आणि विचारलं, "भाऊजी, बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी नवी पिशवी उघडली, तिच्यात फुंकर मारली.

"तूच घेशील म्हणून थांबलो होतो."